ओळंब्याच्या घरातली ओल

माझा मामा भिंतीकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने त्याने आपल्याकडे एकदा जरी बघितलं असतं तर आपला अर्धा जन्म तक्रारीत गेला नसता, असं मामी म्हणते. मामा गवंडी. गावात त्याला नावाने कुणी ओळखत नाही, सगळे ओळंबा म्हणतात. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं ते पितळी वजन. भिंत सरळ उभी आहे की झुकली, हे बघायला गवंडी ते वरून खाली सोडतात. मामाचा ओळंबा त्याच्या वडिलांचा, लिंबाएवढा, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला, आणि सदैव खिशात. लग्नाच्या फोटोतही त्याच्या कोटाचा उजवा खिसा खाली ओढलेला दिसतो.

लहानपणी मी एकदा त्याच्या कामावर गेलो होतो. दिवसभर तोंड उघडं ठेवून बसलो. थापीने सिमेंटचा गारा पसरायचा, वीट ठेवायची, थापीच्या दांड्याने एक टकटक, पुढची वीट. घाई नाही, थांबणं नाही. भिंत तिथे आधीपासूनच आहे आणि हा माणूस फक्त तिच्यावरची हवा बाजूला सारतोय, असं वाटायचं. संध्याकाळी त्याने ओळंबा सोडला. दोरी आणि भिंत यांच्यातलं अंतर वर बोटभर होतं आणि खालीही बोटभरच. मामा त्या दोरीकडे बघत उभा राहिला. मी मामाकडे बघत उभा राहिलो. देवळात हात जोडावेत तसे मी तिथे जोडले होते, असं तो अजून चारचौघांत सांगतो आणि मला हसतो. हसू दे. मी जोडले होते.

अशा माणसाच्या घरात एकच ऋतू कमी असतो. पाऊस संपतो, थंडी यायची असते, तेवढ्या दीड-दोन महिन्यांत सगळ्या जगाला आपापल्या भिंती उभ्या करून वर छप्पर घालायचं असतं. शरदात मामा उजाडायच्या आत जायचा आणि रात्री जेवायलाच उगवायचा. घास हातात धरून पेंगायचा. मामाची मुलगी, म्हणजे माझी ताई, हिने शाळेत ‘माझे वडील’ या निबंधात पहिलंच वाक्य लिहिलं होतं, ‘माझे वडील उन्हाळ्यात असतात.’ बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली. मामीला विचारलं तर म्हणते, बाईंना काय कळतंय, वाक्य बरोबर होतं.

चार वर्षांपूर्वी, ऐन कामाच्या दिवसांत, मामा परांचीवरून पडला. परांची म्हणजे भिंतीला लागून बांधलेला तो लाकडी माळा, ज्यावर उभं राहून वरचं काम करतात. चाळीस वर्षं ज्या फळ्यांवर हा माणूस अंगणात फिरावा तसा फिरला, तिथे त्याने फळी नव्हती तिथे पाय ठेवला. मांडीचं हाड मोडलं. आयुष्यभर लोकांच्या भिंतींना प्लास्टर केलं, आता एकदा स्वतःला करून घेतलं, असा विनोद त्याने दवाखान्यात केला.

जिना चढता येईना म्हणून खालच्या मागच्या अडगळीच्या खोलीत त्याची खाट टाकली. मी वरच्या खोलीत भाड्याने म्हणून राहतो, पण मामी भाडं घेत नाही, ओझी उचलून घेते. तिथलं जुनं लोखंडी कपाट ढकलून बाहेर काढलं ते मीच. खिडकी नसलेली ती खोली, एक दिवा, एक खाट, चार भिंती. मामी म्हणाली, “चार भिंती आहेत ना? मग यांना काही कमी पडायचं नाही.”

हाडांच्या दवाखान्यात ताटकळत बसलेली असताना मामीने एक मासिक चाळलं आणि त्यातलं एक पान, नर्स पलीकडे गेल्यावर, फाडून आणलं. ‘शरद ऋतूत कुटुंबासोबत साध्यासोप्या परंपरा सुरू करा.’ चित्रात एक बाप, एक आई आणि दोन मुलं पानांच्या ढिगात हसत लोळत होती.

“परंपरा म्हणजे पणजोबांकडून येते ना रे?” मामीने मला विचारलं. “ती सुरू कशी करायची?”

“मामी, पणजोबांनी पण कधीतरी सुरूच केली असेल की.”

“मग करू आपण. पहिल्यांदा शरदात घरात माणूस सापडलाय.”

ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहते. चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासते. रविवारी दुकान तीनला बंद होतं, तेव्हा ती चारला यायची, वीस मिनिटं बसायची, घड्याळ बघायची आणि उठायची. मामीचा सगळा खटाटोप ती वीस मिनिटं वाढवायचा होता.

पहिल्या रविवारी मासिकाबरहुकूम पिवळी पानं गोळा करायला फिरायला निघालो. मामा कुबड्यांवर. पानं कुणी वेचली नाहीत, कारण मामा दर कुंपणाशी थांबून भिंतीचं निदान सांगत होता. “हिला पोट आलंय. हिचा पायाच चुकलाय. ही बघ, ही माझी. अठरा वर्षं झाली, केसभर हललेली नाही.” ताई म्हणाली, “बाबा, आपण पानांसाठी आलोय.” मामा म्हणाला, “पानं काय, दरवर्षी पडतात.”

दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा होता. मामाला बटाटे चिरायला दिले. त्याने एकूण एक बटाट्याच्या सारख्या विटा पाडल्या आणि ताटात थरावर थर रचला, सांध्यावर सांधा न येऊ देता. पातेल्यात टाकायला निघालो तर म्हणे, थांबा, कोपरा राहिलाय. मला तर तो किल्ला मोडवेना. ताई मात्र हसली नाही. मला वाटतं, तिच्या मनात आलं असेल, की हा माणूस बटाट्याजवळ इतका वेळ बसू शकतो.

तिसऱ्या रविवारपासून मामाने दार लावून घ्यायला सुरुवात केली.

त्याचं कारण आम्हाला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. मामाला भिंतीला आलेली ओल दिसली होती.

स्वतःच्या घराला. स्वतःच्या हाताने बांधलेल्या भिंतीला. एका दुपारी तो दिवा बंद करून पडला होता, दार लोटलेलं होतं, आणि खाटेसमोरच्या भिंतीवर, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत, एक मोठा पिवळसर डाग उमटला. तळाशी निळसर झाक, बुरशी धरावी तशी. गवंड्याला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही. त्याने हात लावून बघितला, भिंत कोरडी. बोटाने ठोकून बघितली, आवाज टणक. दिवा लावला की डाग लाजून नाहीसा व्हायचा. विझवला की थोड्या वेळाने परत. ढगाळ दिवशी तर यायचाच नाही. चाळीस वर्षांत त्याने नाना तऱ्हेच्या ओली बघितल्या होत्या, पण ऊन पडलं की येणारी आणि आभाळ आलं की जाणारी ओल त्याच्या बापानेही बघितली नव्हती.

मग त्याने गवंडी करतो ते केलं. कानावरची जाड पेन्सिल काढली आणि डागाच्या कडेने रेघ ओढली, बाजूला तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी चार वाजता परत रेघ, परत तारीख. ओल वाढतेय की आटतेय ते असंच कळतं. रोज ती थोडी थोडी आत सरकत होती. आटत होती. तेवढाच त्याला धीर. पूर्ण आटेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं, आणि त्यातल्या त्यात लेकीला तर नाहीच. आयुष्यभर ज्या भिंतींपायी तो तिच्या वाट्याला आला नाही, त्या भिंतीही धड नव्हत्या, हे तिला कुठल्या तोंडाने दाखवायचं?

आणि ओल यायची बरोबर चारच्या सुमाराला. ताईही चारलाच. दिव्यात डाग लपायचा, पण रेघा आणि तारखा उघड्या पडायच्या, म्हणून तो दारच लावून घ्यायचा.

ताईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला दिसत होतं ते एवढंच, की ती फाटकातून आत आली की मागच्या खोलीचं दार बंद होतं.

“झोपले असतील गं,” मामी म्हणाली.

“आई, झोपेत कुबडी चालते का? कुबडीने दार ओढलेलं मी बघितलं.”

पुढच्या रविवारी तेच. जाताना तिने मामीला फाटकाशी सांगितलं. तिच्या दुकानाने दुसऱ्या गावात शाखा काढली होती, बसने सहा तास लांब. तिला तिथली मुख्य म्हणून जा म्हणत होते. आठ दिवसांत हो-नाही कळवायचं होतं.

“यांना सांगितलंस?”

“कुणाला? दाराला?” ताई म्हणाली. “आई, त्यांनी नुसतं ‘जा’ म्हटलं तरी चालेल मला. ‘नको जाऊ’ म्हटलं तरी चालेल. पण काहीतरी म्हणू दे. न बोलता गेले ना मी, तर मग सणावारापुरती सुद्धा यायची नाही. माझा स्वभाव मला माहीत आहे. त्यांचाच आहे.”

मामी त्या आठवड्यात मासिकाचं पान पुन्हा पुन्हा वाचत होती. त्यात या अडचणीवर काही दिलेलं नव्हतं.

पाचवा रविवार. ऊन असं लख्ख, की वाळत घातलेल्या कपड्यांच्या सावलीतली शिवण दिसावी. ताईचं सकाळी एका शाळेत डोळे तपासायचं शिबिर होतं, तिथून ती थेट आली, खांद्याला भिंगांची जड पेटी. मागचं दार तिच्या डोळ्यांदेखत बंद झालं. तिने पायातले बूट काढले नाहीत. सरळ चालत गेली, दार ढकललं, आत शिरली, आणि आमच्या तोंडावर परत लावून घेतलं. भांडण आतल्या आत व्हावं, एवढी अदब तिच्यात शिल्लक होती.

मामीने कान दाराला लावला. मी सभ्य माणूस, चौकटीला लावला.

“दिवा लावू नकोस!” मामाचा आवाज.

“का? माझं तोंड बघवत नाही?”

“तसं नाही गं. तू बाहेर बस. मी येतो पाच मिनिटांत.”

“बत्तीस वर्षं बाहेरच बसलेय, बाबा. शाळेत बक्षीस मिळालं, तुमचा स्लॅब होता. टायफॉइड झाला, तुमचा कुठला तरी जिना होता. मी पहिला पगार आणून तुमच्या हातात ठेवला, तर तुम्ही मला म्हणालात, जरा बाजूला हो, दोरी—”

ती थांबली. आम्ही वाट बघितली. आत काही हललं नाही. मामीने माझा दंड धरला.

“बाबा,” ताई अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, “हे काय आहे?”

चोरी पकडली गेलेल्या माणसाने कबूल व्हावं तसा मामा म्हणाला, “ओल.”

“काय?”

“ओल आलीये भिंतीला. माझ्या भिंतीला. तुला दिसू नये म्हणून दार लावत होतो. झालं समाधान?”

“बाबा... ही ओल हलतेय.”

“हलते थोडी. तेच तर कळत नाही.”

“बाबा, ओलीवरून आत्ता एक सायकल गेली.”

मग दार उघडून तिने आम्हाला हाक मारली. आम्ही धडपडत आत गेलो. भिंत नुसती भिंत होती, तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा आणि तारखा. “दार लावा! दार लावा आधी!” ताई ओरडली. “आणि हलू नका. डोळ्यांना सवय होऊ द्या.”

दार लावलं. काळोख. मामीची बांगडी वाजली तेवढाच आवाज. आणि मग समोरची भिंत हळूहळू उघडली.

दुसरा शब्द मला आजवर सापडलेला नाही. आधी तळाशी निळं आलं, मग त्याच्या वर पिवळं, आणि ते पिवळं नुसतं पिवळं नव्हतं, ते हजार तुकड्यांचं होतं आणि प्रत्येक तुकडा आपापला थरथरत होता. त्याच्याही वर काळपट बुंधा. बुंध्याच्या वर, छताच्या जवळ, गल्लीचा रस्ता. आमच्या मागच्या गल्लीतलं झाड, ज्याच्याकडे आम्ही कुणी मान वर करून बघितलं नव्हतं, ते अख्खं आमच्या अडगळीच्या खोलीत डोक्यावर उभं होतं. रंगांसकट. वाऱ्यासकट. पण आवाज मात्र काहीच नाही.

एक पान सुटलं. ते वर गेलं. गिरक्या घेत, घाई न करता, जमिनीकडून छताकडे, आणि वरच्या रस्त्यावर जाऊन अलगद टेकलं. मागोमाग दुसरं. मग वाऱ्याची झुळूक आली असावी, कारण एकदम शंभरेक पानं सुटली आणि सगळीच्या सगळी वर पडायला लागली. मामी “अगं बाई” म्हणाली आणि खाटेच्या कडेला बसली.

ताई उलटी फिरली आणि मागच्या भिंतीवर हात फिरवायला लागली. माणसाच्या तोंडाच्या उंचीवर एक चौकोनी खोबण होती. त्या जागी इतकी वर्षं कपाट होतं. खोबणीत अर्धी वीट कोंबलेली, आणि तिच्या कोपऱ्याशी करंगळी जेमतेम जाईल एवढं आरपार भोक. तिने भोकावर तळहात ठेवला. झाड गेलं. हात काढला. झाड आलं. मामी टाळ्या पिटायची तेवढी बाकी होती.

“डोळ्यात असंच होतं,” ताई म्हणाली. “अंधारी खोली, एक बारीक भोक, मागच्या पडद्यावर उलटं चित्र. मी रोज लोकांच्या डोळ्यांत बघते, पण डोळ्याच्या आत उभी आज पहिल्यांदा राहिलेय.” शरदात चारच्या सुमाराला सूर्य बरोबर गल्लीच्या तोंडाशी येतो, हे तिने बाहेर जाऊन बघून आल्यावर सांगितलं. बाकीचं वर्ष तो शेजारच्या उंच घराआड असतो. आणि पानं तेवढीच पिवळी, तेवढेच दिवस.

या सगळ्यात मामा एकटा भिंतीकडे कोरड्या चेहऱ्याने बघत होता.

“काय रे झाड झाड लावलंय? मला तर ओलच दिसतेय.”

ताईने दिवा लावला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. मुलगी बघते तसं नाही, दुकानात बघते तसं.

“बाबा, दारावरच्या कॅलेंडरवर आकडा किती?”

“मला कॅलेंडर बघायची गरज पडत नाही.”

“बाबा.”

“...कॅलेंडर आहे का तिथे?”

दारावर कॅलेंडर होतं, चांगलं हातभर. ताई नोकरीला लागल्यापासून त्याच्या मागे लागली होती, एकदा डोळे तपासून घ्या म्हणून, आणि तो म्हणायचा ओळंब्याला चष्मा लागत नाही. खरंच आहे, दोरी हाताशी असते. पण परांचीची फळी हाताशी नसते. मामा पडला कसा, ते त्या क्षणी चौघांनाही कळलं. ताईने पेटी उघडली, तपासणीची ती लोखंडी चौकट त्याच्या नाकावर चढवली, दिवा विझवला, आणि अंधारात चाचपडत एकेक भिंग सरकवायला लागली.

“समोर बघा. काय दिसतंय?”

“ओल.”

“आता?”

“पिवळी ओल.”

“हे बरं, की हे?”

“दुसरं. नाही, थांब, पहिलं. अगं भिंग आहेत की विटा, किती रचणार आहेस नाकावर?”

“हलू नका. आता?”

मामाचा श्वास ऐकू येत होता. ताईचा हात त्याच्या कानाजवळ तसाच राहिला.

“पानं,” तो म्हणाला. “पानं वर चाललीयेत.”

मग मामा कुबडी न घेता, एका हाताने खाटेचा आधार घेत भिंतीपाशी गेला. पेन्सिलीच्या रेघांवरून त्याने बोट फिरवलं. पहिली रेघ सगळ्यात बाहेरची, घेरदार. मग आतली, मग अजून आतली. दोन-तीन आठवड्यांच्या तारखा.

“म्हणजे ती आटत नव्हती.”

“झाड विरळ होत होतं, बाबा. तुम्ही रोजची गळती मांडून ठेवलीत.”

मामा वळला आणि खोबणीकडे बघून एकदम कोसळल्यासारखा खाटेवर बसला. आता त्याला दुसरी लाज आठवली होती. परांचीची आडवी लाकडं भिंतीत घुसवायला अशी भोकं ठेवावी लागतात आणि काम संपल्यावर ती बुजवायची असतात. हे शेवटचं भोक बुजवताना त्याला दुसऱ्याच्या कामावरून बोलावणं आलं. शरदच होता. बाहेरून अर्धी वीट कोंबली, कोपरा तसाच सोडून वरवर गिलावा मारला, उद्या नीट करू म्हणून गेला, आणि आल्यावर त्या जागी कपाट होतं. “सगळ्या गावाची भोकं बुजवली. आपल्या घराचं राहिलं,” तो म्हणाला. “उद्या बुजवतो.”

“खबरदार!” आम्ही तिघं एकदम.

त्यानंतर मामीला काय झालं कुणास ठाऊक. ती उठली, म्हणाली “मी दिसते का बघा,” आणि दार उघडून पळाली. परत अंधार, परत झाड, आणि थोड्या वेळाने छताजवळच्या रस्त्यावर एक लाल ठिपका आला. मामीचा स्वेटर. साठीला टेकलेली बाई डोकं खाली पाय वर करून झाडाखाली उभी राहिली, आणि तिने दोन्ही हात हलवले. वरून खाली हलवले. गल्लीतल्या एका बाईने थांबून तिला काहीतरी विचारलं. मामीने भिंतीकडे बोट दाखवलं. ती बाई घाईघाईने निघून गेली.

मग मी गेलो. काय केलं ते सांगत नाही. आत ताई हसून हसून खाटेवर पडली होती, एवढंच परत आल्यावर बघितलं. मग ताई गेली आणि तिने नुसतं झाडाला टेकून उभं राहणं पसंत केलं. मामा भिंतीच्या इतक्या जवळ गेला, की त्याच्या नाकाची सावली तिच्यावर पडली. चौकट नाकावर सरळ करून तो लेकीकडे बघत राहिला. भिंतीकडे बघतो त्या नजरेने. मामीने ते बघितलं.

ताई आत आली आणि मामाने कुबडी मागितली. चौकट काढून तिच्या हातात दिली. “मी जातो आता,” म्हणाला. तो गल्लीत पोचेपर्यंत वेळ लागला. ऊन उतरायला लागलं होतं, पिवळं आता केशरी झालं होतं. मग चित्राच्या वरच्या भागात तो आला, तीन पायांचा, उलटा. झाडाखाली थांबला. कुबडी बुंध्याला टेकवली. खिशात हात घातला, आणि हात पुढे केला.

दोरी दिसायचा प्रश्नच नव्हता. पितळ तेवढं उन्हात चकाकलं. एक सोनेरी ठिपका, हाताच्या वर. खाली लोंबणाऱ्या त्या वजनाने इतकी वर्षं त्याला जमीन कुठे आहे ते सांगितलं, आणि इथे ते वर, सरळ वर, कशाच्याही आधाराविना तरंगत होतं. आधी थोडं डुललं. मग स्थिर झालं. त्याच्या आजूबाजूने पानं वर जात होती आणि तो ठिपका हलत नव्हता. तो हात ओळखीचा होता. मी लहानपणी त्याला हात जोडले होते.

“बाबा,” ताई अंधारात म्हणाली.

ठिपका खिशात गेला. मामा चित्रात मोठा मोठा होत भिंतीकडे आला, आणि मग झाड, रस्ता, आभाळ सगळं एकदम मिटलं. त्याने बाहेरून भोकाला तोंड लावलं होतं. काळ्याकुट्ट खोलीत त्याचा आवाज आला, नळीतून यावा तसा. समोरासमोर हा माणूस कधी काही बोलला नाही. पण भिंतीशी बोलायची त्याला सवय होती.

“पोरी. तुझी आई म्हणाली त्या नोकरीचं.”

ताईने मामीकडे बघितलं असणार. मामीने दुसरीकडे बघितलं असणार.

“जा तू. तुझं काम चांगलं आहे. आज कळलं मला, किती चांगलं आहे ते. मी तुला अडवणार नाही.” कुबडी भिंतीला घासल्याचा आवाज. “पण पानं पिवळी झाली की... येशील का? मी घरी असेन. दार उघडं असेल. म्हणजे, लावलेलं असेल, पण तू आत आल्यावर.”

ताई चाचपडत खोबणीपाशी गेली. तिने तोंड भोकाजवळ नेलं आणि गवंड्याच्या पोरीला शोभेल अशा मोठ्या आवाजात सांगितलं, “येईन. आणि तोवर चष्मा लावायचा.”

“कान फुटला माझा!” भिंत म्हणाली.

त्या दिवशी ताई जायला उठली ती साडेसातला.

ती गेली त्या नोकरीवर. मामाला चष्मा लागला, आणि तो लावून त्याने पहिलं काम काय केलं, तर गल्लीतली शेजाऱ्याची भिंत बघून म्हणाला, हिला पोट आलंय असं मला वाटायचं, ते खरंच आलंय. थंडी पडल्यावर त्याने भोकात कापडात गुंडाळलेला विटेचा तुकडा बसवला. गारा न लावता. या माणसाने जन्मात कोरडी ठेवलेली ही एकच वीट. ती दर शरदात तो स्वतः काढतो, फुंकर मारून कोपरा साफ करतो, आणि दिवा विझवून बसतो. पेन्सिल तयार. गेल्या वर्षीच्या रेघांच्या शेजारी यंदाच्या, निळ्या पेन्सिलीने. मामीने मासिकाचं ते पान खोलीच्या दारावर चिकटवलंय. चित्रातली माणसं अजून पानांत लोळताहेत, बिचारी.

मामा फोन कधी करत नाही. वर्षातून एकदाच करतो, ताईच्या दुकानात, कामाच्या वेळी. पलीकडून तिने उचलला की तो नमस्कार-चमत्कार न करता तीन शब्द बोलतो आणि ठेवून देतो. तिच्या दुकानातले लोक दर वर्षी चक्रावतात. घराच्या भिंतीला ओल आली, हे ऐकून ही बाई एवढी खूश का होते, आणि लगेच रजेचा अर्ज का लिहायला बसते, हे त्यांना काही केल्या कळत नाही.

यंदाचा फोन काल झाला. मी शेजारीच होतो.

“ओल आली. ये.”